'बोंडअळी'चे ड्रम

मेलमधलं शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. जेवणाची सुट्टी संपत आली होती, डबा धुवून मी टेबलावर पालथा घातला होता, समोर बबिताताई आवक-जावकचं रजिस्टर पुढ्यात ओढून पेन झटकत होत्या, आणि पोलंडमधल्या एका माणसानं, ज्याच्या गावाचं नाव मला उच्चारताही येत नाही, माझं सात वर्षांपूर्वीचं वाक्य मलाच परत पाठवलं होतं. तो कॅसेटी काढतो. आजच्या काळात कॅसेटी. जगात कोणाला काय सुचेल सांगता येत नाही. 'करपा' या आमच्या बँडचा 'बोंडअळी' हा एकुलता एक अल्बम त्याला फार आवडतो, त्याच्या दोनशे कॅसेटी त्याला काढायच्या आहेत, कोणी काय वाजवलं ती नावं मी एकदा तपासून पाठवावीत, आणि ड्रमरबद्दलचं तुमचं ते सुंदर वाक्य आम्ही मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापतो आहोत, असं त्यानं लिहिलं होतं. खाली ते वाक्य. मी इंग्रजीत लिहिलं होतं, मराठीत ते असं होईल : राजदीपच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्यांचं डफडं आहे, हे शिकून येत नाही, रक्तातच असावं लागतं. माझ्या कानशिलांत गरम झालं. 'काय झालं, साहेबाचा मेल हाय काय?' बबिताताईंनी विचारलं. नाही म्हटलं, असंच जुन्या ओळखीचं काहीतरी. त्यांनी पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. मी फोन पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा ठेवला. ते वाक्य मी आमच्या पानावरून पाच वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. पण दरम्यान ते किती जणांनी उचलून कुठे कुठे चिकटवलं होतं, याचा मी कधी शोध घेतला नाही. भीतीपोटी घेतला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कोणी विचारलं की तुमचं संगीत कोणतं, तर मी 'इंग्रजी' म्हणून मोकळा होतो. टेक्निकल डेथकोर म्हटलं तर समजावत बसावं लागतं, आणि समजावून समजेल असं ते नाही. बबिताताईंनी एकदा कानाला लावून पाहिलं आणि 'बाप्पा, मिक्सरमधी चमचा राह्यला काय' म्हणून काढून ठेवलं. त्यांचा दोष नाही. आठ तारांच्या गिटारी, इतक्या खाली उतरवलेल्या की सगळ्यात जाड तार सुरापेक्षा थरथरच जास्त देते. त्यावर अमरचा आवाज, म्हणजे घशाच्या तळातून काढलेली घरघर, जिच्यातले शब्द बोंडात शिरलेल्या अळीबद्दल आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि या सगळ्याच्या खाली आकडे. सातचे दोन, नऊचा एक, मग पुन्हा सात, असे तुकडे जोडत जाणारी चाल, जी एकदा आली तशी पुन्हा येत नाही. चौथं गाणं 'सरकी'. त्यात अठ्ठेचाळीस सेकंद राजदीपचे दोन्ही पाय थांबत नाहीत. मिनिटाला दोनशे चाळीसची गती, प्रत्येक मात्रेत चार ठोके, म्हणजे सेकंदाला सोळा, दोन पायांत वाटून आठ-आठ. वर हातांचं वेगळंच चाललेलं असतं. डावा स्नेअर नावाच्या ड्रमवर तीन-तीनचे गट टाकतो, उजवा झांजेवर पाच-पाचचे, आणि ते दोन्ही पंधराव्या ठोक्यावर एकत्र येतात, पुन्हा सुटतात. मग सगळं एकदम थांबतं. एक मात्रा काहीच नाही. आणि मग तो उतार, ज्याला या संगीतात ब्रेकडाऊन म्हणतात; निम्म्याहून कमी गतीनं सगळं एकत्र अंगावर पडतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं पोटात होतं. त्या एका रिकाम्या मात्रेसाठी मी हे गाणं हजारदा ऐकलं असेन. त्या दुपारी ऑफिसातही ऐकलं, पुढ्यातली फाईल उघडी ठेवून, आणि दर वेळी त्या मात्रेशी आलो की ते छापील वाक्य मध्ये येऊन बसायचं.

राजदीप मला पॉलिटेक्निकमध्ये भेटला. तो इलेक्ट्रिकलला, मी सिव्हिलला, अमर कॉम्प्युटरला. राजदीप बाभूळगावहून एस.टी.नं यायचा, आणि त्याच्याकडे ड्रम नव्हतेच. पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा मी ड्रम शोधत होतो, आणि भिंतीला टेकवलेली दोन पोती पाहून मला वाटलं घरात पेंडीचा धंदा असेल. सरकीनं ठासून भरलेली ती दोन पोती म्हणजेच त्याचे ड्रम. समोर प्लॅस्टिकची खुर्ची, खाली नागपूरहून जुन्यात आणलेलं, दोन्ही पायांनी ठोकायचं डबल पेडल, कानात टक-टक करणारं मोबाईलमधलं यंत्र. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याच्याखाली त्याची आई, सत्यशीलामावशी, सुपात तूर निवडत बसलेली. मागे पोत्यांवर धप-धप चाललेली आणि तिच्या सुपातला दाणा हलायचा नाही इतकी तिला त्याची सवय. तो साठच्या गतीनं सुरू करायचा. आठवडाभर साठ. मग बासष्ट. मग चौसष्ट, आणि तिथं डावा पाय मागे पडला की पुन्हा बासष्ट. त्याच्याजवळ गणिताची चौकटींची वही होती. एक चौकट म्हणजे एक ठोका, डावा पाय निळ्या पेननं, उजवा लाल पेननं, आणि जिथं चुकला त्या पानावर तारीख. अशा अकरा वह्या झाल्या. मला हे सगळं बघून कंटाळा यायचा, खरं सांगतो. मी म्हणायचो, अबे फील नावाची काही गोष्ट असते की नाही, मोजून काय वाजवतो. तो नजर न उचलता म्हणायचा, 'फील तुले असन गड्या. मले मोजा लागते.' हे त्यानं नऊ वर्षं केलं. साठपासून दोनशे चाळीसपर्यंत नऊ वर्षं. आणि मी त्या नऊ वर्षांचा साक्षीदार होतो, घराबाहेरचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणूनच ही गोष्ट इतकी लागते.

ड्रम रेकॉर्ड केले ते दिग्रसला. अमरचे वडील कापसाचे व्यापारी, त्यांचं जिनिंगजवळचं गोदाम मे महिन्यात रिकामं पडायचं. भाड्याचे ड्रम अमरावतीहून टेम्पोत आणले. पहाटे साडेपाचला सुरू करायचं आणि नऊला थांबायचं, कारण नऊनंतर वरचा पत्रा तापून कडकड वाजायला लागायचा आणि ड्रमचं पान सैल पडून आवाज बसायचा. गोदाम रिकामं म्हणजे काय, कोपऱ्याकोपऱ्यात कापसाची रुई होतीच. झांजेवर काठी पडली की ती उठायची आणि उजेडाच्या पट्ट्यात तरंगत राहायची. पेडलच्या साखळीत रुई अडकायची, राजदीप दर गाण्यानंतर खाली वाकून नखानं ती काढायचा. बनियन अंगाला चिकटलेलं, पिंढऱ्यांना तो खोबरेल तेल चोळायचा, ओठ सारखे हलत असायचे. वाजवतानासुद्धा हलायचे. 'सरकी' त्यानं चार वेळा वाजवलं. पहिले तीन आम्हाला पसंत होते, त्याला नव्हते. दुसऱ्यात एकतिसाव्या सेकंदाला उजवा पाय किंचित पुढे गेला म्हणाला. आम्ही पुन्हा ऐकलं, आम्हाला काही कळलं नाही. चौथ्या वेळी तो उठला, पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी केली आणि म्हणाला, 'हे ठेव.' बस, एवढंच. पुढं यवतमाळला घरी मागच्या खोलीत, कूलर बंद करून, घाम पुसत मी ते संगणकावर उघडलं. या संगीतात सगळेच जण ड्रमचे ठोके नंतर ओढून-ताणून पडद्यावरच्या तालाच्या रेघेवर बसवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, मीही तयारीनंच बसलो होतो. पहिला ठोका रेघेवर. दुसरा रेघेवर. मी पुढं पुढं सरकवत गेलो. मला हलवायला काही नव्हतं. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे, आणि त्या आनंदाच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याचं नाव तेव्हा मी घेतलं नाही.

आता माझ्या गिटारीचं. 'सरकी'मधला माझा सोलो बावीस सेकंदांचा आहे. ऐकणाऱ्याला तो एका दमात वाजवलेला वाटतो. सूर इतके भराभर येतात की बोटं दिसू नयेत. तो एका दमात वाजवलेला नाही. तो निम्म्या गतीनं वाजवला आहे, आणि निम्म्या गतीनंही सलग जमेना म्हणून चार-चार, पाच-पाच सूर वेगळे घेऊन, जोडून, घासून, मग संगणकावर गती दुप्पट केली आहे. अडीच आठवडे मी तेच करत होतो. सराव करायला अडीच आठवडे पुरले नसते, जोडायला पुरले. घरी आई जेवायला हाका मारायची आणि बाबांना सांगायची, 'काय मेहनत घेतोय हो पोरगा.' मेहनत. आमच्या घरात हा शब्द मी तेवढ्यापुरताच ऐकला असेन. एरवी आमच्याकडे कौतुक करायची एकच रीत. बाबा कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आजोबाही कचेरीतच होते. माझं अक्षर बरं आलं तर ते घराण्याचं अक्षर. गणितात मार्क पडले तर ते आईच्या माहेरचं डोकं. गिटार हातात घेतली तर मोठे मामा पेटी वाजवायचे, म्हणजे रक्तातच आहे त्याच्या, अंग आहे त्याला. येणारे-जाणारे पाहुणे हेच बोलायचे आणि मला ते गोड लागायचं. मेहनत ही ज्यांच्या रक्तात नाही त्यांनी करायची गोष्ट, असं कोणी तोंडानं म्हणालं नाही, पण मी ते शिकलो. इतका पक्का शिकलो की माझ्याकडे दुसऱ्याला द्यायला कौतुकाचा दुसरा शब्दच नव्हता.

आणि सत्यशीलामावशीनं मला डफड्याचं खरं काय ते सांगितलं होतं. अल्बमच्या आधीच्या उन्हाळ्यात, तिच्या ओट्यावर, राजदीप आंघोळीला गेलेला असताना. मी सहज म्हटलं होतं, मावशी, याला हे ठोक्यांचं वेड कुठून लागलं. ती म्हणाली, 'मले नाई माहीत बाबू. याच्या आज्याले वाजवा लागे, आमचे मामंजी, उकंडा नाव होतं त्याईचं. गावात मेलं कोणी, लगन असलं, पोळा असला, बोलावणं आलं का डफडं घेऊन जा लागे. नाई म्हणता येत नव्हतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आन् साऱ्या मोहल्ल्यानं डफडे एका जागी करून जाळले. मंग सा महिने गावच्या दुकानदारानं मीठ देल्लं नाही आमच्या लोकाईले. मामंजी यवतमाळले चालत जात, मिठासाठी. मीठ पायी आणू म्हणे, पर आता वाजवणार नाई.' हे सगळं तिनं मला सांगितलं, सुपातले खडे बाजूला टाकत, आणि मी मान हलवत, वा वा करत ऐकलं. जाळल्याचं ऐकलं, मिठाचं ऐकलं, चालत जाण्याचं ऐकलं. पण माझ्या डोक्यात राहिला एकच शब्द, डफडं. बाकीचं सगळं मी ओट्यावरच सोडून आलो. तिनं सोडल्याची गोष्ट सांगितली आणि मी वाजवल्याची घेऊन गेलो. यात माझा हेतू वाईट नव्हता, हे मी सात वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, आणि हेतू वाईट नव्हता हीच तर खरी भानगड आहे. वाईट असता तर लिहिताना हात अडखळला असता.

अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला आणि पहिल्या महिन्यात दोनशे लोकांनी ऐकला. मग या संगीताच्या वेड्यांच्या एका पानावर कोणीतरी लिहिलं की भारतातल्या कोण्या गावचे लोक आहेत, गिटार अफलातून, ड्रम अर्थात मशीनचे. खाली वीसेक जणांनी मान डोलावली. एकानं तर सिद्ध करून दाखवलं, ठोके मोजून, की माणसाचा पाय इतका नेमका असूच शकत नाही. माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं, अकरा वह्या, पिंढऱ्यांना तेल, आणि हे घरबसले म्हणतात मशीन. राजदीपला फोन केला तर तो हसला. 'म्हणू दे ना. म्हणजे बरोबर वाजलं.' पण मला गप्प बसवेना. मी आमच्या पानावर उत्तर लिहायला घेतलं. वह्यांचं लिहिता आलं असतं. पोत्यांचं, साठचं बासष्ट होण्याचं लिहिता आलं असतं. फोटोसुद्धा होते माझ्याकडे. मी लिहिलं ते वाक्य. का, याचं उत्तर मला त्या पोलंडवाल्याच्या मेलनंतरच्या दिवसांत मिळालं, एकदम नाही, हळूहळू. त्याचं कसब मेहनतीचं आहे असं एकदा लिहिलं की मग प्रश्न माझ्यावर येत होता. नऊ वर्षं मीही होतो, वेळ मलाही होता, घर, खोली, गिटार सगळं होतं. रक्ताचं म्हटलं की मी सुटलो. त्याच्या रक्तात आहे, माझ्या रक्तात तेवढं नाही, झालं. कोणी कोणाला विचारायचं नाही. मी मित्राची बाजू घेतोय असं वाटून घेत मी स्वतःची सुटका करून घेतली. याचा मला इतका राग येतो की तो कोणावर काढावा कळत नाही.

ते वाक्य मात्र चाललं. महिन्याभरात ऐकणारे चाळीस हजारांवर गेले. एकानं लिहिलं, आदिम ताल. एकानं लिहिलं, वडिलोपार्जित क्रोध. राजदीप पुढच्या रविवारी आला, तालमीच्या खोलीतलं त्याचं पेडल फडक्यात गुंडाळलं आणि 'येतो' म्हणून गेला. मला वाटलं तेल-पाणी करायला नेतोय. दोन महिने मी तसंच समजत राहिलो, मग फोन केला. तो इतकंच म्हणाला, 'तू ते वाक्य कायले लिहिलं?' मी म्हटलं, 'अबे, तारीफच केली ना तुझी.' मग मी आणखी बोललो, बोलू नये ते. म्हटलं, त्या वाक्यामुळे चाळीस हजार लोकांनी ऐकलं, नाहीतर कोण कुत्रं विचारत होतं आपल्याला. त्यानं फोन ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला येतं. त्यानंतर अमर पुण्याला नोकरीला गेला आणि 'करपा' संपला. लोक मला विचारायचे, बँडचं काय झालं, मी म्हणायचो, अहो पोटापाण्याचं बघावं लागतं ना. लोकांना ते लगेच पटायचं.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते. मी बाभूळगावची एस.टी. धरली. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो, पहिलं हे म्हणायचं, मग ते, तो असं म्हणाला तर आपण तसं. राजदीपचं स्टँडमागे मोटार वायंडिंगचं दुकान आहे, हे मला ऐकून माहीत होतं. दाराशी पाण्याच्या मोटारी उघड्या पोटानं मांडून ठेवलेल्या, आत वॉर्निशचा वास, आणि तो हातानं फिरवायच्या चाकावर तांब्याची तार गुंडाळत बसलेला. त्याचे ओठ हलत होते. वेढे मोजणाऱ्याला हाक मारू नये, एवढं मलाही कळतं; एक वेढा चुकला तर मोटार जळते. त्यानं मला पाहिलं, चाक थांबवलं नाही. मी उभा राहिलो. चौऱ्याऐंशीला त्यानं तार थांबवली, टेप मारला, वहीत आकडा लिहिला आणि मग म्हणाला, 'कसा काय आला बे?' जणू गेल्या आठवड्यात भेटलो होतो. 'ते स्टूल घे. तेल हाय त्याच्यावर, कागद टाक.' समोरच्याला दोन चहा सांगितले. केस कानापाशी पांढरे झाले होते त्याचे. माझी जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली, मी नुसता फोन पुढं केला. हाताला वॉर्निश होतं म्हणून त्यानं तो हातात घेतला नाही. मी धरला, त्यानं वाचलं.

'हायच काय हे अजून,' तो म्हणाला.

'मी काढलं होतं रे. कधीच काढलं होतं.'

'कधी?'

'दोन वर्षांनी.'

'आन् मले सांगतलं नाई.'

चहा आला. मी म्हटलं, 'राजदीप, माझं चुकलं.' तो म्हणाला, 'हो.' जाऊ दे म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. मला ते 'जाऊ दे' हवं होतं, त्यासाठीच मी आलो होतो, हे मला त्याच्या त्या 'हो'नंतर कळलं. तो चहा फुंकत म्हणाला, 'मी ते मायले वाचून दाखवलं होतं तवा, मराठी करून. ती म्हणे, मी तर त्याले सोडल्याचं सांगतलं होतं ना रे? तिले वाटलं तिनंच काही चुकीचं सांगतलं. लय दिवस तेच घेऊन बसली होती.' मी मान खाली घातली. पायापाशी तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे पडले होते.

'तू सांग, काय लिहू,' मी म्हटलं. 'हे वाक्य काढायला लावतो. तुझ्या वह्यांचं लिहितो, पोत्यांचं, सगळं.'

'नको. आता तू चांगलंच लिहिशीन, मले माहीत हाय. पर माझं नाव दिसलं का लोक जुनं वाक्य शोधून त्याच्या खाली जोडतेत. मी पाह्यलं हाय ना. तीन-चार जागी हाय ते.'

'मग नावच टाकायचं नाही?'

'नाव नसलं तर इचारतीन, कोण होता म्हणून. मशीन लिही.'

मला आधी कळलंच नाही. 'मशीन कसं लिहू बे, ते खोटं आहे. तू वाजवलंय ते.'

'मले माहीत हाय मी वाजवलं. तुले माहीत हाय. बाकीच्याईले तसंही मशीनच वाटते.' त्यानं कप खाली ठेवला. 'मशीन म्हटलं का लोक ठोके तरी ऐकतेत. मशीनले कोणी तिच्या आज्याचं इचारत नाही.'

तो हे रागानं बोलला असता तर मी वाद घातला असता. तो गिऱ्हाइकाला दर सांगावा तसं बोलला. आणि तेव्हा मी त्याला ते सांगून टाकलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. की मशीन असेल तर माझी गिटार आहे, तो सोलो मी वाजवलेलाच नाही, जोडलेला आहे. सांगून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, 'एकसष्ट तुकडे. ड्रम ऐकाले फाईल पाठवलती ना तू, त्याच्यात दिसत होते. मोजले होते मी.'

'मग बोलला का नाहीस कधी?'

'कायले बोलू? गाणं चांगलं झालं होतं.' तो उठला, चाकावर नवा साचा बसवला, तारेचं टोक अडकवलं. 'चाल, मले हे सहापर्यंत द्या लागते. येत जाय.' आणि त्याचे ओठ हलायला लागले. मी स्टुलावरचा कागद उचलून, घडी करून, कुठं टाकावा न सुचून खिशात घातला आणि निघालो. अजून वाजवतोस का, हे विचारायचं राहिलंच. राहिलं म्हणजे, विचारवलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या पोलंडवाल्याला उत्तर लिहिलं. ते वाक्य छापू नये, ते चुकीचं आहे. आवाज : अमर. गिटार : अनिमेष, म्हणजे मी. ड्रम : मशीन. हे टाइप करायला मला वीस मिनिटं लागली. मग खाली एक ओळ लिहिली की गिटारही खरी नाही, 'सरकी'मधला सोलो तुकड्यांचा आहे. हे लिहायला राजदीपनं मनाई केली नव्हती. हे माझं मला लिहिता येत होतं, त्यासाठी कोणाला विचारायचं नव्हतं. ओळ वाचली. पुन्हा वाचली. मनात म्हटलं, आधी ड्रमचं मार्गी लागू दे, गिटारीचं पुढच्या मेलमध्ये सविस्तर लिहू. आणि ती ओळ पुसून मेल पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं. खरं सांगितल्याबद्दल मनापासून आभार, असं त्यानं लिहिलं होतं. ड्रमचं आम्हाला वाटलंच होतं, माणसाला तसं वाजवता येत नाही. गिटारीचं मात्र तसं नाही, तिथं हात ऐकू येतो, वर्षानुवर्षांचा रियाज ऐकू येतो, तो कुठलंही यंत्र करू शकत नाही. म्हणून मागच्या बाजूला त्या वाक्याच्या जागी आता 'सरकी'मधल्या तुमच्या सोलोबद्दल दोन ओळी छापतो आहोत, तुमची हरकत नसावी. मी ते उभ्या-उभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं. छपाई शुक्रवारी होती. मी 'धन्यवाद' लिहिलं आणि पाठवून दिलं.